खाटेखाली झोपणाऱ्यांचा हिशेब

रात्री नऊच्या सुमारास भेटीची वेळ संपते, डॉक्टरांची फेरी आटोपलेली असते, आणि बार्शीतील रुग्णालयांच्या वॉर्डांत एक वेगळीच पाळी कामावर रुजू होते. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. पिशवीतली सतरंजी खाटेशेजारी किंवा खाटेखाली पसरली जाते, डब्यातील उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली जाते, आणि वैराग, परांडा, भूम, वाशी अशा चहूबाजूंच्या मुलखातून आलेली माणसे आपापल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या उशाशी जागरणाला बसतात. सलाईन संपत आले की सिस्टरांना हाक मारायची, लघवीची पिशवी भरली की सांगायचे किंवा स्वतःच रिकामी करायची, म्हातारी झोपेत नाकातली नळी ओढू लागली की तिचा हात धरून ठेवायचा. परिचारिकांची पाळी सकाळी बदलते. ही पाळी बदलत नाही, कारण तिला बदली माणूस नसतो.

बार्शी हे बाजाराचे गाव. १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, अरुंद रुळांची आगगाडी येथे आली आणि भोवतालच्या मुलखातील धान्य या पेठेत उतरू लागले. ज्या गावी ज्वारी-तूर विकायला जायचे त्याच गावी दुखणे घेऊनही जायचे, ही खेड्यांची रीत पुढे कायम राहिली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १ लाख १८ हजारांच्या घरात होती. परंतु कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या नावाचे रुग्णालय, नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले कर्करोग रुग्णालय, शासकीय रुग्णालय आणि अनेक खाजगी दवाखाने यांच्यावर भिस्त ठेवणारी वस्ती याहून पुष्कळ मोठी असून ती सोलापूर आणि धाराशिव अशा दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. पुढील विवेचनाचा रोख यांपैकी कोणत्याही एका संस्थेकडे नाही. जे येथे दिसते तेच थोड्याफार फरकाने लातुरात, सांगलीत आणि मुंबईच्या महापालिका रुग्णालयांतही दिसते.

या बिनहजेरीच्या पाळीकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक कौतुकाची. आमच्याकडे कुटुंबव्यवस्था शाबूत आहे, पाश्चात्त्य देशांप्रमाणे आम्ही आईबापांना परक्यांच्या हाती सोपवीत नाही, असे सभांतून सांगितले जाते. आणि सांगणाऱ्याची आई आजारी असते तेव्हा तिच्या उशाशी बहुधा त्याची बायको बसलेली असते. दुसरी रीत तक्रारीची. नातेवाइकांची गर्दी, त्यांचे डबे, त्यांचा गोंगाट यांमुळे रुग्णालयाची शिस्त बिघडते, असे व्यवस्थापन म्हणते. कौतुक काय किंवा तक्रार काय, दोन्हींत एक गोष्ट झाकली जाते. खाटेखाली झोपणारी व्यक्ती तेथे काम करीत असते. ते काम झाले नाही तर रुग्णालय एक दिवसही चालणार नाही.

हे काम कोणते, ते नीट पाहिले पाहिजे. अंगणात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली पंचाहत्तरीची बाई वॉर्डात येते, असे धरून चालू. शस्त्रक्रिया डॉक्टर करतील, इंजेक्शन परिचारिका देईल. पण दर दोन तासांनी तिची कूस कोणी बदलायची? ती बदलली नाही तर चार-पाच दिवसांत कमरेची कातडी लाल होते, मग सोलते, आणि पुढे जी जखम होते ती हाडाच्या दुखण्याहूनही चिवट ठरते. तिला टेकवून बसवूनच घोट घोट पाणी पाजायचे असते. आडवी असताना पाजले तर ठसका लागतो, पाणी फुप्फुसात उतरते, आणि हाड जुळण्याआधीच न्यूमोनिया तिला घेऊन जातो. तिसऱ्या रात्री ती एकाएकी बरळू लागते, मेलेल्या नवऱ्याला हाका मारते, सलाईनची सुई उपटून टाकते. म्हातारीला वेड लागले किंवा बाहेरचे काही झाले, अशी कुजबुज सुरू होते. वैद्यकशास्त्र याला तात्पुरता भ्रम म्हणते. अपुरी झोप, कमी पडलेले पाणी, तुंबलेली लघवी, घरी राहिलेला चष्मा अशा साध्या वाटणाऱ्या कारणांनीही तो होऊ शकतो, आणि तो ओळखण्यास सर्वांत योग्य माणूस म्हणजे जिला म्हातारीचा नेहमीचा स्वभाव ठाऊक आहे ती सून किंवा लेक. परिचारिकेने त्या बाईला कालच प्रथम पाहिलेले असते. “ही अशी कधी बोलत नाही हो” हे सुनेचे वाक्य तपासणीच्या एखाद्या अहवालाइतकेच मोलाचे असते. केसपेपरावर मात्र ते लिहून घेण्यासाठी रकाना नसतो.

आता परिचारिकेची बाजू. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला तेव्हा या देशात ४३,००० माणसांमागे एक परिचारिका होती, आणि १९७१ पर्यंत ५०० माणसांमागे एक असावी, असे समितीने सुचविले होते. अध्यापन नसलेल्या सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच खाटांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्री कोणत्याही तालुक्याच्या गावी वॉर्डात जाऊन खाटा मोजाव्यात आणि मग परिचारिका मोजाव्यात. निकष आणि वस्तुस्थिती यांतील अंतर कळायला त्यापलीकडे अर्थशास्त्र लागत नाही. तिच्या पाळीचा मोठा भाग औषधे देण्यात, नोंदी भरण्यात, साहित्याचा हिशेब ठेवण्यात आणि नव्या रुग्णाला खाट देण्यात जातो. उरलेल्या वेळात वीस-पंचवीस रुग्णांपैकी दहा म्हाताऱ्यांची दर दोन तासांनी कूस बदलणे हे दोन हातांचे काम नव्हे. मग “मावशींना सांगा” असे ती म्हणते. मावशी दुसऱ्या वॉर्डात असते, किंवा कंत्राटावर असते, किंवा काही चिरीमिरीची अपेक्षा धरून असते. मलमूत्राला हात कोणी लावायचा या प्रश्नाची उतरंड आपल्या वॉर्डांत अजून जातीच्या उतरंडीला धरून आहे, हे मान्य करायला कोणी तयार नसले तरी खरे आहे. अखेर ते काम उतरंडीच्या तळाशी असलेल्या व्यक्तीकडे येते. ती म्हणजे खेड्यातून आलेली सून.

अशा रीतीने, ज्यांनी एकमेकींच्या हाताला हात लावायचा त्या दोन स्त्रिया एकमेकींसमोर उभ्या ठाकतात. सुनेला सिस्टर खेकसणारी, निर्दय वाटते. सिस्टरला सून अडाणी आणि कटकटी वाटते. “सिस्टर, सलाईन संपलं.” “येते म्हटलं ना, बसा तिकडे.” रात्रीतून हे बोलणे दहा वेळा होते, आणि पहाटेपर्यंत दोघींच्या मनात अढी बसते. या अढीचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न दोघींपैकी कोणालाच विचारायला सवड नसते. रिक्त जागा न भरणारा मात्र त्या वेळी स्वस्थ झोपलेला असतो. त्याच्या वाट्याचे काम सून करते आणि त्याच्या वाट्याची शिवी सिस्टर खाते.

येथे आपल्या कार्यकर्त्यांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. गावचा रुग्ण दाखल झाला की कार्यकर्ता मोटारसायकलवर येतो, ओळख लावतो, आणि आपली निष्ठा दाखविण्यासाठी प्रथम आवाज चढवतो तो परिचारिकेवर. अधिष्ठात्यावर नाही, संस्थेच्या विश्वस्तांवर नाही, आरोग्यमंत्र्यांवर तर नाहीच. समोर जी कामगार स्त्री उभी असते तिच्यावर. रुग्णालयांतील हिंसेला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यात या सवयीचाही वाटा आहे. उलट मे २०२२ मध्ये शासकीय रुग्णालयांतील परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा वॉर्डांतील नातेवाइकांना हा संप आपल्याही बाजूचा आहे, असे कितीजणांनी जाऊन सांगितले? परिचारिकांच्या संघटनांनीही आपल्या मागणीपत्रात खाटेखाली झोपणाऱ्या बाईला कधी फारशी जागा दिलेली नाही. एकीच्या श्रमाला अपुरे वेतन आणि दुसरीच्या श्रमाला शून्य वेतन. पण शून्याची संघटना होत नाही.

परिचारिका आणि नातेवाईक यांच्यातील भिंत निसर्गनिर्मित नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा याच राज्यात आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर त्याच रुग्णालयात अत्याचार झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच खाटेवर होत्या, आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरविले, न्हाऊमाखू घातले, कूस बदलली. तरुणपणी पडलेली ही स्त्री त्याच खाटेवर साठी ओलांडून वृद्ध झाली. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही, याची प्रशंसा सर्वोच्च न्यायालयाने केली. आणि ७ मार्च २०११ च्या निकालात तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा मानला. म्हणजे परिचारिका या तिचे आप्त ठरल्या. परिचारिका आप्त होऊ शकते, हे कायद्याने पाहिले. आप्त स्त्री रोज परिचारिका होते, हे मात्र कायद्याच्या नजरेस अजून यायचे आहे.

भागीदारी हा शब्द अलीकडे आरोग्यखात्याच्या परिपत्रकांतही येऊ लागला आहे, म्हणून त्याच्याकडे जपून पाहणे आवश्यक आहे. खऱ्या भागीदारीचा पहिला प्रश्न रुग्ण दाखल होतानाच विचारायचा असतो: घरी गेल्यावर याचे कोण करणार? आज तो विचारला जात नाही. माहिती कॉरिडॉरमध्ये उभ्या असलेल्या मुलाला दिली जाते, कारण सही त्याची असते. काम करणारी सून पदर सावरून मागे उभी असते. पुष्कळदा तर रुग्णालयात राहणारी व्यक्ती एक आणि घरी करणारी दुसरीच असते. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना मज्जाव असल्यामुळे चुलत जाऊ किंवा शेजारीण आणून बसविली जाते. ती कूस बदलायला शिकते, आणि म्हातारी घरी परतते ती सत्तरीच्या, स्वतःच गुडघे धरून चालणाऱ्या नवऱ्याकडे. मुलगा पुण्याला कारखान्यात, किंवा ऊसतोडीच्या टोळीबरोबर दिवाळीच्या सुमारास गेलेला. अशा म्हाताऱ्याच्या हाती इंग्रजीत लिहिलेले डिस्चार्ज कार्ड दिले की रुग्णालयाचे कर्तव्य संपते.

नातेवाइकांना शिकविले तर काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी आता अनुमानाची गरज उरलेली नाही. अमेरिकेत येल येथील रुग्णालयात सत्तरीपुढील ८५२ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ देणे, वेळेवर पाणी पाजणे, दिवसा चालविणे, रात्री झोपू देणे, ओळखीच्या गोष्टी बोलत राहणे इतक्या साध्या उपायांनी भ्रम होण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. हे उपाय तेथे प्रशिक्षित चमू आणि स्वयंसेवक यांनी केले. बार्शीच्या वॉर्डात सांगितल्यास ते सुनेला सहज करता येतील, आणि तिला ते सांगायला परिचारिकेला पंधरा मिनिटे पुरतील. ही पंधरा मिनिटे तिच्याजवळ असली पाहिजेत, एवढीच अट.

परंतु दुसरा अभ्यास अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो भारतातील आहे आणि त्याचे उत्तर गैरसोयीचे आहे. अर्धांगवायूच्या रुग्णांचे पुनर्वसन शिकविलेल्या कुटुंबीयांनी घरी केले तर चालेल का, हे भारतातील १४ केंद्रांत १,२५० रुग्णांवर पाहिले गेले. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के निघाले. ज्यांच्या घरच्यांना जास्तीचे शिकविले त्यांना लाभ झाला नाही. म्हणून नातेवाइकांना शिकविणे व्यर्थ आहे, असा याचा अर्थ लावणे घाईचे होईल. पण व्यायाम करून घेणारा प्रशिक्षित माणूस परवडत नाही म्हणून सुनेच्या हाती चार चित्रांची पुस्तिका द्यायची आणि त्याला कुटुंबकेंद्रित उपचार असे भारदस्त नाव द्यायचे, हा मार्ग फसवा आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते. कुटुंब हे परिचारिकेच्या जोडीला उपयोगी पडते. तिच्या जागी बसविले तर नाही. खर्चात कपात करू पाहणाऱ्या प्रत्येक शासनाला भागीदारीची कल्पना एकाएकी प्रिय का होते, हे यावरून समजावे.

इतर देशांचा अनुभव या बाबतीत मजेशीर उलटसुलट आहे. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णापाशी घरच्या माणसाला भेटीच्या वेळेबाहेरही राहू द्यावे, यासाठी २०१४ साली चळवळ उभारावी लागली. तेथे राहण्याचा हक्क मागावा लागला, येथे राहण्याची सक्ती आहे. दक्षिण कोरियात आपल्यासारखीच नातेवाइकांनी उशाशी राहण्याची पद्धत होती. २०१५ मध्ये मर्स या साथीने तेथे १८६ जणांना गाठले. रुग्णालयांतून संसर्ग झालेल्यांत अशी सोबतीची आणि भेटीला आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. नातेवाइकांच्या जागी पगारी परिचारिका व साहाय्यक ठेवून त्यांचा खर्च सार्वजनिक विम्यातून देण्याची योजना तेथे साथीच्या आधीपासून चालू होती. साथीनंतर तिला वेग आला. आपण २०२० साली करोनाच्या काळात नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढले, पण त्यांच्या जागी कोणाला आणले नाही. त्या महिन्यांत किती वृद्ध तहानेने, भीतीने आणि भ्रमाने खचले याची गणना मृत्यूच्या दाखल्यांत सापडणार नाही.

आता हिशेबाकडे वळावे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजमापात पगारी परिचारिकेचे काम धरले जाते. तेच काम सुनेने केले तर धरले जात नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात, असे आढळले. घरातील मुले, आजारी व वृद्ध यांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांची १३४ मिनिटे आणि पुरुषांची ७६ मिनिटे निघाली. हे आकडे सरासरीचे आहेत. रुग्णालयात चोवीस तास बसलेल्या बाईची मिनिटे सरासरीत बुडून जातात. शिवाय तिचा रोज बुडतो. ज्वारीच्या काढणीत किंवा कांद्याच्या लागणीत पंधरा दिवसांचे खाडे म्हणजे शेतमजूर कुटुंबाच्या वर्षाच्या मिळकतीला पडलेले भोक असते. डॉक्टरांच्या बिलाची पावती मिळते; या भोकाची पावती मिळत नाही, आणि म्हणून कोणत्याही योजनेतून ते भरून निघत नाही.

२ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. गरिबाच्या शस्त्रक्रियेचा खर्च तिने उचलला, हे तिचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. तिच्या पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले आहे. पण भाडे फक्त रुग्णापुरते. खुबा बदललेली म्हातारी एकटीच एसटीत चढून भूमला जाईल, असे योजना आखणाऱ्याने गृहीत धरले की काय न कळे. सोबत येणाऱ्याचे तिकीट नाही, त्याचे जेवण नाही, त्याची झोपण्याची जागा नाही. ज्याच्याविना पॅकेजमधील एकही वस्तू रुग्णापर्यंत पोहोचत नाही तो पॅकेजमध्येच नाही.

देखभालीला श्रम मानणे ही अव्यवहार्य कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यांनी एक जुनी तरतूद आठवावी. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर आलेल्या स्त्रियांची सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी आणि तिला इतर मजुरांइतकीच मजुरी द्यावी, असे लिहिले होते. या कायद्याचे मूळ महाराष्ट्राच्या रोजगार हमीत होते, आणि ती हमी १९७२ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यांनी खडी फोडली त्यांच्या घामातून आलेली होती. सोलापूर त्यांतलाच एक जिल्हा. खडी फोडणे आणि मूल सांभाळणे यांना एकच दर लावण्याची बुद्धी या देशाच्या कायद्याला एकदा सुचली होती. मूल सांभाळण्याच्या ठिकाणी म्हातारा सांभाळणे घातले तर तत्त्वात काय बदलते?

रुग्णालयाने आपली चौकट ओलांडून घरापर्यंत जावे, ही अपेक्षा बार्शीला तरी परकी वाटू नये. १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी येथेच सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील साडेतीनशेच्या आसपास गावे तिच्या कक्षेत होती. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येत नाही, म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव गेले, चावडीवर आणि ओसरीवर बसून लोकांशी बोलले, लक्षणे सांगितली, पुन्हा पुन्हा गेले. त्यांचे उद्दिष्ट आकडे गोळा करण्याचे होते. पण बोलण्याचाच परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागल्या, आणि हे निरीक्षण वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. अशिक्षित समजल्या गेलेल्या कुटुंबांशी कोणी बरोबरीने बोलले की ती उपचारात भागीदार होतात, हे या तालुक्याने जगाला दाखवून दिलेले आहे. कर्करोगासाठी जे पायी गेले ते मोडलेल्या खुब्यासाठी आणि अर्धांगवायूसाठी का जाऊ नये?

केरळात ते गेले. १९९३ साली कोळिकोडमध्ये सुरू झालेली वेदनाशामक सेवा पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चळवळीत रूपांतरित झाली, २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण केले, आणि पंचायतींच्या पैशातून परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. तिच्याबरोबर गावातला स्वयंसेवक असतो. ती सुनेला जखम धुवायला शिकविते आणि पुढच्या फेरीला ती पाहते. या व्यवस्थेचे कौतुक करताना आपले लोक स्वयंसेवकांचेच गुणगान करतात. तिची वीट मात्र पगारी परिचारिका आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्याकडे २०१०-११ पासूनच्या वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध-कक्ष, त्याखालच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा बाह्यरुग्ण विभाग आणि घरभेटी अशी योजना कागदावर आहे. जिल्ह्याचे ठिकाण बार्शीहून सत्तर किलोमीटर आहे. २०११ साली महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील माणसे ९.९ टक्के होती. त्यानंतरच्या वर्षांत हा वाटा वाढतच गेला आहे, आणि खेड्यांत तर तरुण बाहेर गेल्यामुळे तो डोळ्यांनाच दिसतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे, हे सांगण्यासाठी मोठ्या ठरावांची गरज नाही. शासकीय रुग्णालयांत २००५ नंतर रुग्ण कल्याण समित्या स्थापन झाल्या. त्यांच्या बैठकीत बहुधा रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीची चर्चा होते. तेथे प्रथम रात्रपाळीच्या परिचारिकांचा आकडा मागावा, मंजूर किती आणि प्रत्यक्ष किती, आणि तो वॉर्डाच्या दाराशी लावण्याचा आग्रह धरावा. सुनेला एकदा तो फलक वाचता आला की तिचा राग योग्य पत्त्यावर जाईल. प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या केसपेपरावर, घरी प्रत्यक्ष कोण करणार त्या व्यक्तीचे नाव लिहिले जावे आणि सुट्टी देण्याआधी त्याच व्यक्तीला, मग ती सून असो की सत्तरीचा नवरा, परिचारिकेने समोर उभे राहून करून दाखवावे व करून घ्यावे. या कामाचा वेळ तिच्या पाळीत धरला जावा, पाळीनंतरचा उपकार म्हणून नव्हे. डिस्चार्ज कार्ड मराठीत असावे. सोबतीच्या एका माणसाचे जेवण आणि एसटीचे तिकीट पॅकेजमध्ये घालावे, ही मागणी आमदारांच्या दारात नेण्याइतकी साधी आहे. बुडालेल्या रोजाची भरपाई ही मोठी लढाई आहे, आणि ती परिचारिकांच्या संघटना व शेतमजुरांच्या संघटना यांनी एकत्र बसल्याखेरीज सुरू होणार नाही. त्या आजवर एका सतरंजीवर बसलेल्या नाहीत.

येत्या माघात ज्वारी काढणीला येईल. त्या दिवसांत बार्शीच्या वॉर्डांत एक नेहमीचे दृश्य असते: डॉक्टर म्हणतात आणखी आठ दिवस राहा, आणि घरची माणसे म्हणतात नको, आज सोडा. कागदावर त्याची नोंद ‘नातेवाइकांच्या इच्छेवरून सुट्टी’ अशी होते. टमटमच्या मागच्या बाकावर गोधडी अंथरून म्हाताऱ्याला आडवे केले जाते, लघवीची पिशवी सुनेच्या मांडीवर असते, आणि रस्त्यात ती कोणत्या बाजूला धरायची हे विचारायला ती वॉर्डात परत धावत जाते, तेव्हा पाळी बदललेली असते.